केसलर रोडच्या अलीकडे

सोमवार, १४ एप्रिल

दिवसभर कोर्स. विषय: घराची किंमत ठरवताना होणारा भेदभाव आणि तो कसा टाळावा. टोलीडोतल्या आम्हा सगळ्या व्हॅल्युअर लोकांना सक्तीचा. बँकांसाठी घरांच्या किमती ठरवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, पण घरमालक गोरा की काळा हे मी कधी बघितलेलंच नाही. मला फक्त भिंती दिसतात. हे मी वर्गात तीनदा उभं राहून सांगितलं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, छान, आता बसा.

तरी दोन संकल्प केले. घरातल्या माणसांचे फोटो बघायचे नाहीत. आणि रिपोर्टमध्ये 'चांगली वस्ती' हे शब्द पुन्हा लिहायचे नाहीत, कारण ते आता चालत नाहीत.

बुधवार, १६ एप्रिल

प्रमाणपत्र आलं. 'ग्लेन स्टालबर्ग यांनी अभ्यासक्रम यशस्वीरीत्या पूर्ण केला.' फ्रेम करून आणलं. हॉलमध्ये एकच मजबूत खिळा, आणि त्यावर माझा माशाचा फोटो. ईरी लेकमधला वॉलआय, जवळजवळ माझ्या हाताएवढा लांब. (गळाला मेव्हण्याने लावला होता. पण ओढला मी.) बेव्ह म्हणाली, प्रमाणपत्र गॅरेजमध्ये लाव. बायकोला आपल्या यशाची सवय झाली की असं होतं.

मंगळवार, २२ एप्रिल

संकल्पाची पहिली परीक्षा. गॅडिस बाईंचं घर, केसलर रोडच्या पलीकडे. बाईंना बेकरी काढायचीय, त्यासाठी घरावर कर्ज हवंय. किती मिळणार ते माझ्या आकड्यावर.

बेल दाबली आणि लगेच खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो. दार उघडलं. मला दिसल्या फक्त पिवळ्या सपाता. अशा रीतीने मालकीणबाई कोण, कशा, हे मला कळलंच नाही. बाई म्हणाल्या, अहो, काही हरवलंय का? मी म्हटलं, नाही, हीच माझी पद्धत.

सबंध घर खाली मान घालून पाहिलं. भिंतींवर फोटो बरेच असावेत. जिन्याच्या कठड्यावर कपाळ आपटलं. छताकडे बघायचं राहून गेलं, पण छत साधारण असतंच. लाकडी फरशी झकास. बाईंनी कॅरमेल केकची बशी पुढे केली. मी नको म्हटलं. मन विकत घेतलं जातं ते असंच. वास मात्र फार छान होता.

शुक्रवार, २५ एप्रिल

रिपोर्ट दिला. 'चांगली वस्ती' एकदाही लिहिलं नाही. 'केसलर रोडच्या पलीकडील वस्ती' असं लिहिलं. निव्वळ भूगोल.

तुलनेसाठी आसपास विकली गेलेली घरं घ्यावी लागतात. सगळी केसलरच्या पलीकडची घेतली. माझे पहिले साहेब हचिन्स यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पोरा, तुलनेला कधी केसलर ओलांडायचा नाही. का, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. शिस्त म्हणतात ती हीच. आकडा जरा कमीच आला. आकड्यांना भावना नसतात.

शुक्रवार, २ मे

बेव्ह काल बोलिंगहून आली ती गप्पच. तिच्या टीममधली ती डेसा, जिच्याबद्दल ती दर आठवड्याला काहीतरी सांगत असते (मी ऐकतो, पण तपशील लक्षात राहत नाहीत), तिचं काहीतरी बिनसलं असावं. झोपताना बेव्हने विचारलं, ग्लेन, केसलरच्या पलीकडची घरं आपल्यापेक्षा वेगळी असतात का रे? तिला माझ्या धंद्यात पहिल्यांदाच रस वाटला! मी सविस्तर समजावून सांगितलं. मध्येच तिने कूस बदलली. विषय खोल आहे.

मंगळवार, ६ मे

बँकेमार्फत गॅडिस बाईंचं पत्र. किमतीचा फेरविचार करा म्हणे. सोबत आमच्या बाजूला नुकत्याच विकलेल्या तीन घरांची माहिती. त्याच बिल्डरने त्याच वर्षी बांधलेली, तेवढीच मोठी, बाईंच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. बाई हुशार आहेत, पण मूळ मुद्दाच त्यांच्या लक्षात आला नाही. ती घरं केसलरच्या अलीकडची.

उत्तर लिहिलं: 'केसलर रोड ही नैसर्गिक सीमा आहे. लोक ती ओलांडत नाहीत.' सकाळी डोनटच्या दुकानात बसून लिहिलं. तिथे माझं डोकं चांगलं चालतं.

शुक्रवार, ९ मे

माशाचा फोटो गायब! खिळा रिकामा. बेव्हला विचारलं तर म्हणाली, पुसायला काढलाय.

इतक्या वर्षांत तिने तो कधी पुसलेला नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. ३० मेला मी साठ वर्षांचा होतोय! सरप्राइज चाललंय. फोटो मोठा करून आणणार असेल. मी काही कळलंच नाही असं दाखवलं. खिळा रिकामा बरा दिसेना, म्हणून प्रमाणपत्र लावलं. बेव्ह त्याच्यापुढे बराच वेळ उभी राहिली. अभिमान वाटला असणार.

सोमवार, १२ मे

आता लग्नाचा फोटोही नाही. आईचा नाही. नाताळातला, एकसारख्या स्वेटरमधला, तोही नाही. अल्बम बनवतेय, नक्की. बेव्हच्या गाडीत कॅरमेलचा वास येतोय, म्हणजे केकचीही ऑर्डर गेली. आरशासमोर आश्चर्यचकित होण्याचा सराव केला. भुवया वर, तोंड थोडं उघडं. तोंड जास्त उघडलं की दाढेतलं फिलिंग दिसतं.

मंगळवार, १३ मे

दुपारी मधूनच घरी आलो. बेव्ह नाही. स्वयंपाकघरात एक बाई निवांत कॉफी पीत बसलेल्या, पायात पिवळ्या सपाता. म्हणाल्या, मी डेसा, बेव्ह माझ्या एका कामाला गेलीय, येईल तासाभरात. मैत्रिणीला घरी बसवून तिच्याच कामाला जायचं, ही बेव्हची तऱ्हाच न्यारी. माझ्या वाढदिवसाची तयारी असणार हे ओळखून मी खोदून विचारलं नाही.

बाई गप्पिष्ट. आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला. टीव्हीवर वगैरे दिसत असतील. डब्यातून केक आणला होता, तो त्यांनी मला दिला. वाढदिवसाचा नमुना! दोन तुकडे खाल्ले. मग मी त्यांना माझी भेदभावमुक्त पद्धत सांगितली: फोटो बघायचे नाहीत, मालकाकडे बघायचं नाही, नाडी बांधायची. त्यांनी विचारलं, म्हणजे तुम्हाला माणूस दिसतच नाही? मी म्हटलं, अजिबात नाही. त्या म्हणाल्या, हो, ते दिसतंय. आणि इतक्या हसल्या की कॉफी सांडली. बेव्हच्या मैत्रिणी जरा येडपटच असतात, पण मनाने चांगल्या.

मंगळवार, २० मे

बँकेच्या मिस डिट्रिच यांचा फोन. गॅडिस बाईंनी दुसऱ्या बँकेतून पुन्हा व्हॅल्युएशन करून घेतलं. तिथे गेला होता कोडी व्हिटमर, कालचं पोर. त्याच्या आणि माझ्या आकड्यांतल्या फरकात एक नवी पिकअप गाडी बसेल, वर मासेमारीची बोटही बसेल. दोन्ही रिपोर्ट समोर ठेवून खुलासा करा म्हणाल्या.

मला हसूच आलं. म्हटलं, कोडी नवा आहे, तुलनेला त्याने केसलर ओलांडला असेल. हो, ओलांडलाय, त्या म्हणाल्या, आणि पत्रात तुम्ही लिहिलंय की लोक केसलर ओलांडत नाहीत. मी म्हटलं, नाहीच ओलांडत. त्यांनी विचारलं, मागून आवाज येतोय, तुम्ही कुठे आहात? मी म्हटलं, डोनटच्या दुकानात, रोज सकाळी येतो. त्या म्हणाल्या, ते दुकान केसलरच्या कुठल्या बाजूला?

पलीकडे. मी सांगितलं, लाइन नीट लागत नाहीये.

रोज चालत ओलांडतो. पण डोनटसाठी. तो मुद्दा वेगळा आहे.

शुक्रवार, २३ मे

कोडीचा रिपोर्ट आला. चुका काढायला लाल पेन घेऊन बसलो. पोराचं काम व्यवस्थित आहे. छत नवीन आहे म्हणे. असेल.

शेवटी खोल्यांचे फोटो. गॅडिस बाईंचा हॉल. टेबलावर, भिंतीवर फ्रेमा. नियमाप्रमाणे कोडीने फोटोंमधल्या माणसांचे चेहरे पुसून टाकलेत. मधल्या फ्रेममध्ये बिनचेहऱ्याचा एक जाडा माणूस मासा धरून उभा.

चेहरा पुसलाय, पण मासा पुसलेला नाही. मी वॉलआय ओळखला. त्याच्या शेपटीजवळचा तो पांढरा डाग. शेजारी स्वेटरची जोडी. त्याच्या वर माझी आई, बिनचेहऱ्याची.

लाल पेन ठेवून दिलं.

शनिवार, २४ मे

बेव्हला विचारलं. भांडी घासता घासता तिने सगळं सांगितलं, जराही न लाजता. डेसा म्हणजे ओडेसा गॅडिस. माझा रिपोर्ट डेसाने बोलिंगला नेला होता, खाली सही माझी. सगळ्या टीमसमोर बेव्हला सांगावं लागलं की हा माझा नवरा. म्हणाली, तेव्हा मला कुठे तोंड लपवू असं झालं होतं.

मग दोघींनी ठरवलं. डेसाच्या नातवंडांचे, देवाघरी गेलेल्या नवऱ्याचे फोटो उतरवले, म्हणजे काळे चेहरे गेले, आणि आमचे गोरे लावले. डेसा सपातांवरच आमच्याकडे येऊन बसली आणि कोडीला दार बेव्हने उघडलं. मी म्हटलं, अगं, पण तू खोटं बोललीस! ती म्हणाली, मी कुठे म्हटलं घर माझं? मी फक्त दार उघडलं. त्याने विचारलंच नाही. तुम्हा लोकांना फक्त भिंती दिसतात ना?

मग हात पुसून म्हणाली, ग्लेन, नवऱ्याचा फोटो खाली उतरवताना ती रडली रे. आपल्याच घरात.

मी फडकं घेतलं आणि भांडी पुसायला लागलो.

मंगळवार, २७ मे

खुलासा लिहायला बसलो. आमच्या धंद्याची पद्धत: दोन घरांत फरक असेल तर प्रत्येक गोष्टीपुढे तिची रक्कम लिहायची. जास्तीचं बाथरूम, एवढे. गॅरेज, एवढे. इथे घर तेच. बाथरूम तेच, गॅरेज तेच, फरशी तीच. छताची रक्कम लिहिली. फरकाचा मोठा ढीग तसाच उरला.

कोडीने तर माझ्यासारखाच कोर्स केलाय. पण त्याला त्या घरातून केसलर ओलांडावासा वाटला, मला वाटला नाही. तो गेला तेव्हा भिंतीवर काय होतं? मी होतो.

शेवटी उरलेल्या रकमेपुढे 'मासा' असं लिहिलं. मग खोडलं. 'मासा धरणारा माणूस' असं लिहिलं. तेही खोडलं. बँकेला दोन ओळी पाठवल्या: माझा रिपोर्ट चुकला. तो मागे घेतो.

मिस डिट्रिचचं उत्तर आलं. आभार. आणि जूनमधल्या कोर्सला माझं नाव पुन्हा घातलंय.

शुक्रवार, ३० मे

साठ वर्षं पूर्ण. सरप्राइज वगैरे काही नव्हतं. भुवया वाया गेल्या.

संध्याकाळी गॅडिस बाई आल्या. या वेळी मी नाडीला हात लावला नाही, सरळ तोंडाकडे बघितलं. डाव्या गालावर खळी पडते त्यांच्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण पाठ केलेलं सगळं विसरलो, आणि 'सॉरी, मी फार मोठा गाढव आहे' एवढंच निघालं. त्या म्हणाल्या, केक कापा आधी. कर्ज मंजूर झालंय, बेकरी ऑगस्टमध्ये उघडणार. मला एवढा आनंद झाला की मी तिसरा तुकडा घेतला.

प्रमाणपत्र काढून गॅरेजमध्ये नेऊन ठेवलं. बेव्ह आधीच म्हणाली होती. मग गॅडिस बाईंना म्हटलं, खिळा आता मोकळा आहे, माझा मासा तेवढा परत द्या.

बाई जरा ओशाळल्या. म्हणाल्या, बाकीचे सगळे आणलेत, पण मासा अजून आठवडाभर राहू द्या ना. बेकरीच्या जागेचं व्हॅल्युएशन बुधवारी आहे.