दोऱ्याला लावायची थुंकी

मंगळवार, ऑगस्ट १९५९. परळ.

आजही तोंड कोरडं ठक्क. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, दोरा तुटला की थुंकी लावून जोडायचा, आणि माझ्या तोंडात थुंकीच नाही. मनाच्या आजारावरची गोळी सुरू झाल्यापासून हे असं. सोडावी, तर पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडणं आलं.

शेजारच्या साच्यावरचा सदू म्हणाला, "संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत ओरडून आलास काय रे? दे इकडे." त्यानेच थुंकी लावून दिली. गोळीचं कुणाला सांगणार?

आमच्या जातीची थुंकी दोऱ्याला लागेल, म्हणून बाबांना गिरणीच्या या विणकाम खात्यात कधी घेतलं नाही. मी भांडून शिरलो.

घरी बाबांनी रोजच्याच हौसेने विचारलं, "आज दोरे तुटले का रे?"

म्हटलं, "पुष्कळ. सगळे मीच जोडले." आणि कोरड्या तोंडाने आजची गोळी गिळली.