टाचलेली बाही

३ ऑक्टोबर १९३१, लेनिनग्राद

आज कामावर रुजू झाले. प्रयोगशाळेत छान ऊब आहे, चहाही मिळतो. इन्नोकेंती पावलोविच यांनी शोधलेलं विजेचं वाद्य हात न लावता वाजतं. उजवा हात उभ्या दांडीजवळ नेला की सूर चढतो. डावा हात आडव्या कडीवर आणला की आवाज बारीक होतो. जवळ नुसतं कुणी उभं राहिलं तरी सूर बदलतो, म्हणून जुळवणीला एकटीनेच थांबायचं. रोज सकाळी खडूच्या खुणेवर उभं राहून, वाद्य गप्प होईपर्यंत बटण फिरवायचं. एवढंच माझं काम.

माझा नवरा येगोर वारल्यापासून आज पहिल्यांदा पोटभर जेवले. त्याचा कोट अजून दारामागे आहे. लढाईत हात गेला तेव्हापासून डावी बाही वर टाचलेली, तशीच.

९ ऑक्टोबर

जुळवून झाल्यावरही वाद्य हळूच गुणगुणू लागलं. खोलीत दुसरं माणूस आलं की असं होतं. कुणी नव्हतं. सफाईवाली फ्योक्ला दारातून म्हणाली, "अगं ग्लाशा, कुणाला लपवलंस गं आत? निदान देखणा तरी आहे का मेला?"

मी हसले.

१२ ऑक्टोबर

सूर चढत चढत माझ्या मानेशी येऊन थांबल्यासारखा वाटला. येगोर असाच मागून यायचा, खांद्यावर हनुवटी टेकायचा. मी हलले नाही.

इन्नोकेंती पावलोविच कातावले. हा दोष उद्यापर्यंत गेला नाही तर वाद्य मोडून नवं बांधणार, म्हणाले. म्हणजे येगोर पुन्हा जाणार. तो जवळ असतानाच मी बटण फिरवलं. त्यालाही जुळवणीत धरलं. वाद्य गप्प झालं.

१४ ऑक्टोबर

साहेब खूश. दुपारी मी एकटीच सूर तपासत होते. उजवा हात दांडीशी, डावा खिशात. सूर भरदार लागला होता. मग बारीक होत होत विझला. कडीवर कुणीतरी डावा हात आणला होता.

येगोरला डावा हात नव्हता.

१५ ऑक्टोबर

खुणेवर उभी राहिले. वाद्य गप्प. म्हणजे ते जे कुणी आहे, ते इथेच आहे. कुठे, ते आता कळणार नाही. मीच तर त्याला जुळवणीत धरलं —

१६ ऑक्टोबर

आज खुणेवर एकटी उभी राहिले, तर वाद्य वाजलं. म्हणजे जुळवणीत धरलेलं ते आता खोलीत नाही.

फ्योक्ला म्हणाली, काल तू गेलीस आणि दार पुन्हा उघडलं. त्या तुझ्या देखण्याला दार लावायला शिकव की, गारठा येतो.

संध्याकाळ

घरी. येगोरच्या कोटाची डावी बाही खाली लोंबते आहे. टाचणी टेबलावर —

टाचून टाकते. मग चहा ठेवते.

दुमडत नाही. आत हात —