गॅलरीतल्या पिंपाला ताप आला, त्याची हकिकत

ती. ताईस धाकट्या भावाचा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा आता बरा असेल, भावोजी गोळ्या वेळेवर घेत असतील (जेवणाआधीच्या आधी, नंतरच्या नंतर, उलट केलं तर मला त्यांच्या आवाजावरून कळतं) आणि तुझी बाग नेहमीसारखी फुललेली असेल, असं धरून चालतो. इकडे सगळे खुशाल. म्हणजे मी खुशाल आहे, तुझी भावजय माझ्याशी बोलत नाही, आणि आमचे चिरंजीव दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवून वैतागले आहेत. असं का झालं ते सविस्तर लिहितो, कारण दुसऱ्या बाजूने तुझ्या कानावर आलं तर त्याला तिखटमीठ लागलेलं असेल.

डॉक्टरसाहेबांनी दवाखाना बंद केला आणि अडतीस वर्षं कंपाउंडरकी केलेला मी घरी बसलो, हे तुला ठाऊक आहेच. पहिले सहा महिने नुसता खाटेवर पडून होतो, ते दिवस आठवायलाही नकोत. मग एका सकाळी कचऱ्याची बादली खाली नेताना मनात आलं, की आपल्या एका घरातून रोज एवढं बाहेर फेकलं जातं आणि आपण मुकाट बघतो? त्याच दिवशी कंबर कसली. गळका नळ स्वतः दुरुस्त केला (नंतर प्लंबरने पुन्हा केला, पण वायसर मी आणलेलाच होता). जुन्या पडद्यांच्या पिशव्या शिवून घेतल्या, भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना घालू लागलो, आणि रिकाम्या खोलीतला दिवा दिसला की बंद. एकदा न्हाणीघराचाही केला. आत चिरंजीव होते, पण ते गात नव्हते, तर मला कळणार कसं? आंघोळीच्या बादलीवर, औषधाच्या बाटलीला लावायचो तशी कातरलेली कागदी पट्टी चिकटवली. चार खुणा, चार डोस. चौथा फक्त डोकं धुवायच्या दिवशी. यावर तुझी भावजय म्हणाली की नवरा घरी येईल असं वाटलं होतं, दवाखानाच आला. पण तेव्हा ती बोलत तरी होती.

मग मी गॅलरीत खताचं पिंप आणलं. भोकं पाडलेलं, तळाशी सुकी पानं, वर भाजीची सालं, चहाचा चोथा, सुताराकडचा भुसा. आंबट ताक दोन चमचे, दिवसातून एकदा. रीतसर केसपेपर केला (नाडीचा रकाना कोरा सोडला). आठव्या दिवशी झाकण उघडतो तर आतून वाफ! हात लावला तर कढत. धावत जाऊन थर्मामीटर आणला, खुपसला, दोन मिनिटं धरला. एकशे चार.

ताई, एकशे चार बघून हात बांधून बसायचं, हे अडतीस वर्षांत मला कुणी शिकवलेलं नाही. गार पाण्याच्या घड्या सुरू केल्या. जुन्या पंच्याच्या पट्ट्या, दर अर्ध्या तासाने बदलायच्या, मध्ये थोडं पाणी पाजायचं, वरून पंखा. (त्या चार दिवसांत वाचवलेलं सगळं पाणी खर्ची पडलं, विजेचं तर बोलूच नकोस.) चौथ्या दिवशी अठ्ठ्याण्णव पॉइंट चार! घरभर सांगत फिरलो, ताप उतरला म्हणून.

दोन दिवसांनी वास सुटला. खालच्या मजल्यावरचे मास्तर नाकाला रुमाल लावून वर आले आणि तुमच्याकडे काही मेलंय का, असं अदबीने विचारून गेले. तशी शंका मलाही आहे, एवढंच मी म्हणालो. मग आमच्या कोपऱ्यावरच्या सार्वजनिक बागेतल्या माळ्याला गाठून सगळं सांगितलं. तो आधी बाकावर बसला आणि पोट धरून हसला. “अहो साहेब, ते तापतं म्हणून तर खत होतं! चांगली पेटलेली चूल विझवून आलात तुम्ही. आता सुकी पानं घाला, रोज खालीवर करा आणि हात जोडतो, पाणी दाखवू नका.”

एवढ्यावर भागलं असतं. पण त्याच आठवड्यात तुझी भावजय तापली, तिने थर्मामीटर जिभेखाली धरला, आणि वेळ जावा म्हणून समोरचा पिंपाचा केसपेपर वाचायला घेतला. (थर्मामीटर मी जंतुनाशकाने तीनदा धुतला होता, शपथेवर सांगतो.) त्यानंतर चिरंजीवांमार्फत हुकूम आला: येत्या रविवारी सर्वांसमक्ष झाकण उघडायचं, खत दिसलं नाही तर पिंप भंगारात.

पण मी हटणार नाही. पिंप गेलं तर मी पुन्हा त्या खाटेवर जाऊन पडेन, हे मला पक्कं माहीत आहे, आणि त्याची मला भीती वाटते. कितीही नाकं मुरडोत, या घरातलं एक सालही बाहेर जाणार नाही. आपल्या हाताने, आपल्या कष्टाने केलेलं खत मी दाखवीनच.

तुझा,
भाऊ

ता. क. शनिवारी भावोजी इकडे येणारच आहेत, तर तुझ्या बागेतल्या खड्ड्यातलं तयार खत एक गोणी भरून पाठव. तोंड शिवून वर ‘जुनी पुस्तकं’ असं लिही. पिंपात ओतून घेईन. चार दिवस झाले, झाकण उघडायचा मला धीरच होत नाही. हे पत्र वाचून बारीक फाड आणि तुझ्या खड्ड्यात टाक, कागद चालतो.

आणखी ता. क. डिंक संपलाय, म्हणून पाकीट चिकटवून टपालात टाकायला तुझ्या भावजयीकडे ठेवतोय. काळजी नको. जी बोलत नाही ती वाचेल कशाला?

वन्सं, नमस्कार. वाचलं. गोणी पाठवू नका. हे सकाळी फिरायला गेले की पिंप मीच उघडते, सुकी पानं घालून खालीवर करते. वास गेलाय, आणि परवापासून असं तापलंय की हात ठेववत नाही. रविवारी झाकण त्यांनाच उघडायला लावणार आहे, आणि माझं नाव तुम्ही काढायचं नाही. सहा महिने भिंतीकडे तोंड करून पडलेला हा माणूस मी पाहिलाय. त्यापेक्षा वास परवडला. भावोजींबरोबर तुम्हीही याच. झाकण उघडल्यावर आश्चर्य वाटल्याचं नाटक मला एकटीला जमायचं नाही.