पिवळा दिवा आणि आईचा मुक्काम

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी चारच अंगं टेकली आहेत, बाकीची मनानं टेकली असं धर.) तुझं पित्त आणि भावोजींचा खोकला आटोक्यात असावा. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

येत्या रविवारी आईला तुझ्याकडे आणून सोडायचं ठरलंय. तिचे माझ्याकडचे सहा महिने संपले, पुढचे सहा तुझे, सगळं मान्य. पण ताई, गाडी आडवी आली. नवी कोरी, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रिड, सीटांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही (भावोजींचाच सल्ला). तिच्यात समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागलाय आणि विझायचं नाव घेत नाही. आठ तासांचा रस्ता, ऐंशी वर्षांची आई आणि हा दिवा! तूच सांग, कसं निघायचं?

मी काय हातावर हात ठेवून बसलो नाही. आधी गाडीबरोबर आलेलं सहाशे पानी पुस्तक वाचलं. त्यात दिव्याबद्दल एकच ओळ आहे, जाणकाराला दाखवा. मग सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. तिथल्या टायवाल्यानं माझं नाव तीनदा लिहून घेतलं, गाडीला संगणक जोडला आणि पेट्रोलची वाफ कुठून तरी गळतेय असं सांगितलं. कुठून, ते संगणकाला माहीत नाही. त्यानं दिवा पुसून दिला (पाटीवरचं पुसावं तसा) आणि तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या फाटकातच तो पुन्हा लागला. अशा तीन चकरा झाल्या, तीन रजा गेल्या. आता साहेब मला बघून गाडीची तब्येत विचारतात, माझी नाही.

शेवटी आपल्या जुन्या गाडीच्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं बॉनेटवर कान ठेवून गाडी चालू करायला सांगितली. म्हटलं, बाबा रे, चालूच आहे, बॅटरीवर असली की आवाज करत नाही. तेव्हापासून तो तिच्याकडे संशयानं बघतो.

घरी आईचं वेगळंच. दिवा लागलाय तर लागू दे, कुणाचं काय खातोय, असं ती रोज म्हणते. वर मी धुतलेले कप पुन्हा धुते, माझा चष्मा "नीट" ठेवते (म्हणजे सापडत नाही) आणि टीव्हीवर बातम्या देणाऱ्याला उलट उत्तरं देते. माझ्या नाकी नऊ आलेत. तुझ्या भावजयीनं तर केव्हाच हात टेकले. तेव्हा रविवारचं तूर्त रद्द समज. माझा अगदी नाइलाज आहे.

तुझा दमलेला धाकटा

ता. क. खोटं पचत नाही, म्हणून लिहितो. गेल्या मंगळवारीच मिस्त्रीला कारण सापडलं. पेट्रोलच्या टाकीचं झाकण ढिलं होतं. ही गाडी पेट्रोल इतकं कमी पिते की दीड महिन्यात ते झाकण कुणी उघडलंच नव्हतं, त्यामुळे संशयही आला नाही. त्यानं दोन आटे फिरवले आणि दोन दिवसांत दिवा गेला.

ता. क. २. आज दिवा पुन्हा लागलाय. झाकण मीच ढिलं केलं. छप्पन्न वर्षांचा माणूस, सकाळी सकाळी स्वतःच्याच गाडीशी चोरासारखा वाकलेला! पण ताई, मुलं लांब गेल्यापासून घरात पाऊल टाकल्यावर "आलास का?" विचारणारी तीच एक आहे. मागच्या वेळी ती तुझ्याकडे आली आणि मी सहा महिने दार उघडून उगीच थांबायचो. मला तिला पाठवायचं नाहीये. तुझा हक्क आहे, कळतं मला, तरी नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवताना आई मागे उभी होती. म्हणाली, झाकण नीट लाव आधी, पेट्रोल उडून जातं. तिनं तुला सकाळीच फोन करून गुडघा धरल्याचं सांगितलंय म्हणे. हे सांगताना ती स्टुलावर चढून माळ्यावरची तुझी गादी काढत होती. उन्हात घालायची आहे. तूच ये, चांगली महिनाभर राहायला ये. मी आठ तास गाडी चालवून तुला न्यायला येतो. आणि आईचा निरोप जसाच्या तसा: तिला रागवायचं असेल तर इथं येऊन, माझ्याजवळ बसून रागाव म्हणावं.