अक्कलदाढ

७ जून
युवराजांचा गुडघा पुन्हा सुजला. कारण : सोफ्यावरून उतरले. उडी नव्हे, उतरले! आईने बर्फ लावला, बाबांनी शिरेत इंजेक्शन दिलं, मी नेहमीप्रमाणे कापूस धरून उभी. रक्त गोठवणारा फॅक्टर माझ्या धाकट्या भावाच्या अंगात तयार होत नाही, तो बाटलीतून द्यावा लागतो. हिमोफिलिया एकाला आणि ड्यूटी तिघांना. वर युवराज मलाच म्हणतात, "तायडे, तू किती नशीबवान." असेन बाबा. माझी अक्कलदाढ ठणकतेय, पण तिला विचारतो कोण!

८ जून
दाढ शनिवारी काढायची ठरली. युवराजांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्याआधी हिचा आणि तुमचा फॅक्टर तपासून घ्या." आई म्हणाली, "आम्हाला काय होणार? आम्ही नुसत्या वाहक, आजार मुलग्यांना होतो."
म्हणजे मी टेम्पो. माल दुसऱ्याचा, भाडं शून्य.

१० जून
तपासणीचा विषय मी पुन्हा काढला. आई म्हणाली, "घरात एक आजारी पुरे नाही का? उद्या तुझं लग्न ठरवताना लोक विचारतील." माझं लग्न! इथे बारावीचे वांधे आहेत. बाबांनी पेपरात तोंड खुपसलं. फार महत्त्वाची बातमी असावी.

१३ जून
दाढ गेली. दंतवैद्य म्हणाला, कापूस घट्ट चावून धर, थांबेल. कापूस संपला.

१४ जून
उशी लाल. गिळून गिळून उलटी झाली, तीही लाल. आई दारात नुसती उभी. फ्रिज उघडला तो भावाने. आपली बाटली काढून म्हणाला, "हिला द्या ना माझी." बाबांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, काही टोचू नका, लगेच घेऊन या.
खूप घाबरले होते मी. एकही टोमणा सुचला नाही.

१६ जून
रक्त थांबलं. माझा फॅक्टर हवा त्याच्या पावपटसुद्धा नाही. टेम्पोही बिघडतो तर! आज कापूस धरायला युवराज. उलटा धरला. आईचंही रक्त तपासायला घेतलं — या वेळी ती स्वतःच हात पुढे करून बसली.

१९ जून
आईचा फॅक्टर माझ्याहून कमी. डॉक्टरीणबाई पाळीचं विचारत गेल्या, दोन्ही बाळंतपणांचं विचारलं. दर महिन्याला रक्त इतकं जातं की अंथरुणावरून उठवत नाही, हेही आई सांगत गेली. बसमध्ये माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला वाटायचं, मी आळशी आहे."