हाक आल्याशिवाय

इंदापूर,
१८ जून २०२४

तीर्थस्वरूप महिपतीकाका यांस,
उत्कर्षाचा शि. सा. नमस्कार.

आबासाहेबांच्या दहाव्याला तुम्ही आलात, पण आईसाहेब बाहेर आल्या नाहीत, याचा राग मानू नका. त्यांनी अन्न जवळजवळ सोडलं आहे. फोनला तर शिवतही नाहीत. तेव्हा चारचौघांत बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

आमच्या घरची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. जहागीर कधीच गेली, पण मोठ्या पुरुषानं हाक दिल्याशिवाय त्याच्या खोलीत कुणी पाऊल टाकत नाही, दारही वाजवत नाही. त्या सकाळी चहा निवला तरी हाक आली नाही. आईसाहेब दाराशी उभ्याच राहिल्या. दुपारी इंद्रजितदादा मार्केट यार्डातून आला, दार ढकलून आत शिरला, तर आबासाहेब जमिनीवर पडलेले. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, सकाळीच आणलं असतं तर वाचले असते.

आईसाहेबांनी ते ऐकलं. तेव्हापासून मीच मारलं, एवढंच म्हणतात. काका, तुम्ही आबासाहेबांचे कॉलेजपासूनचे मित्र. तुमचा शब्द त्या मानतील. चार ओळी लिहा. त्याही गेल्या तर आम्ही काय करायचं?

तुमच्या मायेची,
उत्कर्षा


लोणी भापकर,
२५ जून २०२४

प्रयागवहिनींस,
सा. न. वि. वि.

सवयीनं ‘सौ.’ लिहायला गेलो आणि रडू कोसळलं.

वहिनी, जेवत का नाही? तुमचा काडीचा दोष नाही. रीत त्या घराची, तुम्ही फक्त पाळलीत.

मानसिंग बारामतीला कॉलेजात आला तो कडक इस्त्रीचा सदरा घालून. हॉस्टेलवर पहिल्याच दिवशी त्यानं बजावलं, की हाक दिल्याशिवाय खोलीत यायचं नाही. आम्ही कुणब्याची पोरं, कसले ऐकतोय! मी रोज दार ढकलून घुसायचो, पांघरूण ओढायचो. हे सरदार आधी खेकसायचे, मग पोट धरून हसायचे. एकदा मी रुसून बाहेरच थांबलो, तर स्वतः दार उघडून आला. म्हणाला, महिप्या, तू तरी असा उभा राहू नकोस. घरी सगळे दाराशीच थांबतात, आत फार एकटं वाटतं, कुणीतरी न विचारता आत यावं असं वाटतं.

इतका मऊ मनाचा माणूस तुमच्यावर रागवेल का? दोन घास खा. मान्याची शपथ आहे.

कळावे, माया असू द्यावी.
महिपती


इंदापूर,
४ जुलै २०२४

महिपतीभाऊजींस,
प्रयागबाईचा नमस्कार.

पत्र पोचलं. तुम्ही शपथ घातलीत, म्हणून अर्धी भाकरी खाल्ली. उत्कर्षाला बरं वाटलं.

लग्न होऊन आले त्याच दिवशी सासूबाईंनी मला ते दार दाखवलं. पुढं सगळा संसार मी त्या दाराशी ताटकळत केला. मीच मारलं म्हणत होते खरी, पण मनाला आतून एक आधार होता. न विचारता आत गेले असते तर त्यांना खपलं नसतं, मी त्यांच्याच मनासारखं वागले, असं स्वतःला सांगून दिवस ढकलत होते. तुमच्या पत्रानं तो आधार गेला.

तुम्हाला त्यांनी सांगितलं, मला एकदाही नाही. एकदा म्हणाले असते, तरी मी त्या सकाळी आत गेले असते हो.

तुम्ही भल्यासाठीच लिहिलंत, हे कळतं. येणंजाणं तुटू देऊ नका. पण भाऊजी, त्यांच्या आणखी आठवणी असतील, तर त्या आता तुमच्याजवळच ठेवा.

प्रयागबाई