पाटा तिकडे, वरवंटा इकडे

राजापेठ, अमरावती
१८ एप्रिल २०२५, शुक्रवार

सौ. जाऊबाईंच्या पायाशी चंदाचा नमस्कार.

इकडे आमी दोघं खुशाल आहो. भाऊजींचा गुडघा आता बरा असन. अमोल, आचल मजेत असतील.

चिठ्ठी पाहून तुमी म्हणसान, हिले फोन नाही काय? आहे. पण फोनवर तुमी नुसतं 'हं, हं' करसान, मले राग येईन, आणि मंग मी काय बोलन याचा नेम नाही. चिठ्ठी बरी. तुमाले मधात तोडता येत नाही आणि मले तोंड सोडता येत नाही. कागद पाहून हसू नका. खालच्या मजल्यावर ट्यूशन क्लास आहे, परीक्षा झाली की पोरं अर्ध्या कोऱ्या वह्या फेकून देतात, त्या मी गोळा करते. मागच्या बाजूले गणितं आहेत. चुकलेली आहेत, तिकडे पाहू नका.

आता खरी बातमी. जाऊबाई, माझ्या मुंगवड्या जमल्या!

जमल्या म्हणजे काय जमल्या! थोड्याशा तेलात परतून रश्श्यात सोडल्या तर अशा फुगल्या की हे जेवता जेवता उठले आणि शेगडीवरच्या गंजात अजून आहेत काय ते पाहून आले. तीस वर्षांच्या संसारात हा माणूस पहिल्यांदा ताटावरून उठला.

हो, तीच मी. 'घरी करण्यात गरिबी दिसते' असं तुमच्या तोंडावर म्हणून बाजारातून पाकिटं आणणारी चंदा. काय सांगू तुमाले! माधवी नोकरीसाठी नागपूरले गेली, यांनी दुकान आवरलं, आणि घरात उरलो आमी दोघं आणि टीव्ही. एक दिवस कंटाळून गच्चीवर गेली, तर पेंटरनं टाकलेल्या रंगाच्या सात बादल्या दिसल्या. म्हटलं, यात काही लावून पाहू. आता सातच्या तीस झाल्या आहेत! वांगी आहेत, चवळी आहे, कोथिंबीर आहे, दोडक्याचा वेल तर पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला. डाळ-तांदळाचं धुवण सगळं झाडांले. अमरावती नुसती भाजून राहिली, पण माझी अंबाडी हिरवीगार, कारण जुन्या साड्यांचा मांडव घातला आहे. खालून जाणाऱ्यांले वाटते वर लग्न आहे. भाजीवाला रोज ओरडते आणि मी वरून नुसता हात हलवते. परवा म्हणाला, "काकू, आता तुमीच गाडी लावा."

उरलेल्या साड्यांच्या पिशव्या शिवल्या, चिंध्यांची गोधडी घातली. टाके वाकडे आले. तुमी पाहिले असते तर उसवून माझ्या हातात दिले असते.

पण मुंगवड्यांनी मले रडवलं. पहिल्या वेळी डाळ मिक्सरमधून काढली, तर नुसता गारा. वाळल्यावर वड्या अशा टणक की मांजर हाकलायच्या कामाच्या. दुसऱ्या वेळीही तेच. मंग तुमचं बोलणं आठवलं, डाळ दाणेदार राहिली पाहिजे, मशीनले ते समजत नाही. म्हणून फरशीचा एक तुकडा धुऊन घेतला आणि त्याच्यावर दगडानं वाटली. हात भरून आले, अर्धी डाळ खाली सांडली, पण वड्या जमल्या. दगड कोणता ते मागून सांगते.

शेजारच्या दुर्गाबाई चव पाहायले आल्या आणि वाटीभर घेऊन गेल्या. "कोणाजवळ शिकल्या?" त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या जाऊबाईंजवळ." अकरा वर्षांत पहिल्यांदा मी तुमचं नाव कोणापुढे काढलं. डोळ्याले पाणी आलं, मी म्हटलं मिरची लागली.

बरं, आता जे लिहायले बसली ते लिहिते. इतका वेळ टाळूनच राहिली होती.

आचलनं बाळाचा फोटो पाठवला. नाक अगदी अमोलचं! मी फोटो इतका मोठा करून पाहिला की शेवटी नुसतं नाकच दिसलं. बारसं गुरुवारी आहे, हेही तिनंच लिहिलं. तुमचं बोलावणं नाही. मी तक्रार नाही करून राहिली, तुमी काहून बोलवसान? पण तिनं खाली लिहिलं होतं, 'आई म्हणतात, आपल्याजवळ वरवंटा नाही, पाळण्यात नारळ निजवू.' ते वाचलं आणि मी ही वही काढली.

लेकराच्या आधी वरवंट्याले टोपरं घालून पाळण्यात निजवायचं, ही आपल्या घरची रीत. माझ्या माधवीच्या बारशाले तुमीच निजवला होता. वरवंट्याले काजळसुद्धा लावलं होतं तुमी.

जाऊबाई, तो वरवंटा माझ्याजवळ आहे.

वाटणीच्या दिवशी देवरावकाकांनी पाटा-वरवंटा तुमच्या वाट्याले दिला. मी सगळ्यांपुढे म्हटलं, "मले काय करायचा दगड?" आणि तुमी सगळे जेवायले बसले तेव्हा तो उचलून माझ्या ट्रंकेत टाकला. मले वापरायचा नव्हता. तुमच्या हाती ते घर, हाताले ती चव, सगळ्यांचं कौतुक तुमाले, आणि मले कोणी विचारत नव्हतं, म्हणून जळली मी. तुमी घरभर शोधला. मले विचारलं तर मी तुळशीले हात लावून म्हटलं, "मी नाही पाहिला." चोरी केली आणि वरून खोटी शपथ खाल्ली. तुमी भांडण केलं म्हणून मी बोलणं सोडलं असं मी जगाले सांगत आली. खरं म्हणजे तुमाले पाहिलं की मले तो वरवंटा दिसायचा, म्हणून मी येत नव्हती.

ट्रंक तळापर्यंत कधी उघडलीच नाही. मुंगवड्यांसाठी उघडली, गेल्या महिन्यात. वरवंटा तुमच्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात निघाला, सुतळीनं नीट बांधलेला. मले आठवते तसा मी तो घाईत उघडाच टाकला होता. पण चोराले काय धड आठवणार! धुतला आणि हातात धरला, तर दोन्ही टोकं तुमच्या हातांनी झिजलेली. माझे हात त्यात बसत नाहीत.

त्या हिरव्या तुकड्याची मी दोन टोपरी शिवली आहेत. एक वरवंट्याले, एक बाळाले. टाके या वेळी सरळ आहेत, तीनदा उसवून घातले.

मले यायचं आहे, जाऊबाई. लय यायचं आहे. बुधवारी सकाळच्या गाडीनं निघाली तर दुपारपर्यंत तुमच्या दारात. आपल्या गावचे देवमनभाऊ इथं दवाखान्यात आले होते, ते उद्या परत जाऊन राहिले आणि सोमवारी पुन्हा येणार आहेत. उत्तर त्यांच्याजवळ द्या. तुमी नको म्हटलं तर वरवंटा आणि टोपरी त्यांच्याच हाती पाठवून देईन, मी तोंड दाखवणार नाही. पण बाळाच्या पाळण्यात नारळ नका ठेवू.

तुमच्या घरची चोर आणि तुमचीच धाकटी,
चंदा

*

तेल्हारा
२० एप्रिल, रविवार

चंदाले कौशल्याचा आशीर्वाद.

तुयी चिठ्ठी अमोलनं वाचून दाखवली. मंग चष्मा लावून मी दोनदा वाचली. मागची गणितंही पाहिली. चुकलेलीच आहेत.

वरवंटा तुयाजवळ आहे हे मले त्याच दिवशी कळलं. तुवं शपथ खाल्ली त्याच्या घंटाभरानं सामान टेम्पोत चढवलं, तवा ट्रंकेले एका बाजूनं मीच हात लावला होता. झाकण लागत नव्हतं म्हणून उघडलं, तर वर वरवंटा आणि खाली तुया आरसा. म्हटलं, अमरावतीपर्यंत आरसा फुटन आणि ही रडत बसन. मायं हिरवं लुगडं जुनंच झालं होतं, त्याचा तुकडा फाडला, वरवंटा गुंडाळला, बांधला, पार तळाशी ठेवला, झाकण लावलं.

बोलली नाही. चार माणसांपुढे तुले चोर कशी म्हणू? आणि मनात म्हटलं, पाटा मायाजवळ, वरवंटा तिच्याजवळ, आज ना उद्या येईन. तू आली नाही, मीही बोलावलं नाही. मी काही कमी हटवादी नाही. अकरा वर्षं घालवली आपण दोघीनं. मले तुयी आठवण येते, चंदा. वड्यांच्या दिवसात तर रोज येते.

पाट्याले दरवर्षी टाकी लावून खरखरीत करून घेते. टाकीवाला विचारते, "मायबाई, याच्यावर काही वाटत तर नाही, मंग टाकी काहून?" मी म्हणते, तू तुयं काम कर.

फरशीवर वाटलेल्या वड्यांची फुशारकी मारू नको. हिंग टाकला होता काय? लिहिलं नाही. बुधवारी ये, डाळ भिजवून ठेवते. वाटायची तू, मी बसून पाहणार.

पाळण्यासाठी आणलेला नारळ आज फोडून टाकला. मिक्सरमधून चटणी केली. काही खरी झाली नाही.

टोपरी देवमनच्या हाती दिली तरी चालन. वरवंटा कोणाच्याच हाती पाठवू नको. तूच घेऊन ये.

कौशल्या